आईची भूकंपाची पिशवी आणि माझी साफसफाई

हे सांगायच्या आधी हातातला चहा खाली ठेवा बरं का! ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

मी लातूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. माझा लाडका धडा कोणता? टेम्पररी फायली सुरक्षितपणे कशा काढाव्यात! "यादी नीट वाचा, मगच टिक करा," हे मी इतक्यांदा सांगितलंय की पोरं माझी नक्कल करतात.

तर लेकीच्या मेडिकल प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत! सगळे दाखले तिनं आठवड्यापूर्वीच घरच्या स्कॅनरवर स्कॅन करून डाउनलोडमध्ये ठेवलेले. पण सकाळी फॉर्म भरायला बसली आणि कॉम्प्युटर अडकला. डिस्क गच्च भरलेली!

"सरक बाजूला. हे माझं काम हाय."

साफसफाईची यादी उघडली. टेम्पररी फायली, टिक! रिसायकल बिन, टिक! डाउनलोड? बाप रे, केवढी जागा खातंय हे! टिक! दाबलं बटण. काय सांगू, कॉम्प्युटर असा पळायला लागला की मीच माझी पाठ थोपटली.

"पप्पा, माझे दाखले कुठं गेले?"

डाउनलोड उघडलं, तर सगळं साफ! रिसायकल बिनमध्ये शोधावं, तर तीही मीच रिकामी केलेली!

मूळ कागद तर स्कॅन झाल्याबरोबर परत निलंग्याला गेलेले, माझ्या आईकडे. त्र्याण्णवच्या भूकंपापासून तिची सवयच आहे. महत्त्वाचे कागद एका पिशवीत आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला. जमीन हलली की पिशवी उचलायची अन् पळायचं! त्या पिशवीवरून मी तिला किती चिडवलं असेल, विचारू नका.

फोन लावला. "आई, ती पिशवी घेऊन ये. मिळंल त्या एसटीनं!"

"अगं बाई! भूकंप झाला का रं?"

"न्हाई. म्या केला."

चार वाजता आई दारात! पिशवी पोटाशी धरलेली. धडाधड स्कॅन केलं आणि मुदतीला दहा मिनिटं उरली असताना फॉर्म गेला. लेक आनंदानं नाचायला लागली. मला तर रडूच आलं.

आई शांतपणे पाणी प्यायली आणि म्हणाली, "भूकंपात माझं एक चिटोरं हरवलं न्हाई. अन् तू खुर्चीत बसून समदं उडवलंस व्हय रं?"

तो धडा मी अजूनही तितक्याच ठसक्यात शिकवतो. घरच्या कॉम्प्युटरला मात्र आता पासवर्ड आहे. आईला माहीत आहे, लेकीला माहीत आहे. मला कुणी सांगत नाही!