पारोळ्यापर्यंतचं तिकीट

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवायचे आणि राहायचे जळगावला. रोज एसटीनं जाणं-येणं. संध्याकाळची साडेचारची बस चुकली की पुढचीत उभ्यानं जावं लागायचं, म्हणून चार वाजल्यापासून माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं. त्या वेळी कुणी शंका विचारली तर मी खेकसायचे.

कॉलेजनं पहिल्या वर्षाची दहा-दहा मुलं एकेका शिक्षकाला वाटून दिली होती. आम्ही त्यांचे पालक-शिक्षक. दर शनिवारी चार वाजता त्यांना भेटायचं, अडचणी विचारायच्या, वहीत लिहायच्या आणि सह्या घ्यायच्या. मी पर्स खांद्याला लावूनच वही उघडायचे. 'अडचण' या रकान्यात दहाही नावांपुढे आधीच 'नाही' लिहून ठेवलेलं असायचं. मुलं रांगेनं सह्या करायची, पाच मिनिटांत मी मोकळी. बाकीचे शिक्षक तासभर मुलांशी बोलत बसायचे, त्यांना मी मनातल्या मनात हसायचे.

त्या दहांत पहूरची एक मुलगी होती. बारीक अंगाची, दोन वेण्या, मराठी शाळेत शिकलेली. एका शनिवारी सही करून ती तिथंच घुटमळली. "मॅडम, एक विचारायचं होतं."

"सोमवारी विचार," मी म्हटलं आणि निघाले. सोमवारी मी विसरले. तिनंही आठवण करून दिली नाही.

पुढच्या शनिवारी मी बसमध्ये बसले, शेजारच्या सीटवर पर्स ठेवली, तर ही समोर उभी. मी पर्स मांडीवर घेतली. ती अंग चोरून बसली आणि तिनं वाटेतल्या पारोळ्याचं तिकीट काढलं. मी पेपर तपासायला घेतले. धुळे मागं पडलं तशी डुलकी लागली. पारोळ्याला जाग आली तेव्हा ती उतरत होती. त्यानंतरच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी मात्र मला राहवलं नाही.

"दर शनिवारी मावशीकडे जेवायला का गं? जरा अभ्यास कर." ती नुसती हसली. मी पुन्हा पेपरांत डोकं घातलं.

पहूरला जायचं तर जळगावपर्यंत बसायला हवं, पारोळ्याला उतरून काय उपयोग, हे मला ठाऊक होतं. मावशी माझीच कल्पना. तिला विचारलंच नव्हतं.

मग कॉलेजची तोंडी परीक्षा झाली. घेणारी मीच. मी तिच्या हातात खांद्याचं हाड दिलं. तिनं ते फिरवून बघितलं आणि स्वतःच्या खांद्याशी अगदी बरोबर धरलं, उजवं ते उजव्या बाजूला, वरची कड वर. निम्मी मुलं तिथंच चुकतात. पण मी इंग्रजीतून पुढचं विचारलं आणि ती गप्प झाली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"मूग गिळून बसलीयस का?" मी सगळ्यांसमोर म्हणाले. ती नापास झाली. त्याच आठवड्यात होस्टेल सोडून घरी गेली.

पंधरा दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. नाव काढून घेण्याच्या अर्जावर पालक-शिक्षकाची सही लागत होती. त्यांनी मला हात जोडले.

"मॅडम, तुमचे लई उपकार. पोरगी सांगे, मॅडम मले बसमधी जागा देतात म्हने."

मी विचारलं, "पारोळ्याला तुमचं कोण असतं?"

"पारोळ्याले? कोनीच नही. तुमच्याशी बोलाले बसे ती. तुम्ही थकेल दिसा, मंग उतरे आन् दुसऱ्या गाडीनं मांगं ये."

"काय विचारायचं होतं तिला?"

"तिले इंग्रजी बोलता ये ना. मराठीत उत्तर देलं तं चालीन का, येवढंच."

चाललं असतं. आदल्याच वर्षी एका मुलाला मी तशी मुभा दिली होती, कारण त्याच्या वडिलांना मी ओळखत होते. तिला 'चालेल' म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तिनं मला तीन शनिवार दिले होते.

"तिला परत पाठवा," मी म्हणाले. "मी स्वतः शिकवीन, मराठीतून."

"म्या लई समजाडलं. नही म्हनते. म्हने, मॅडमले लई तरास देला मी."

अर्जात छापलं होतं, 'विद्यार्थिनीशी सविस्तर चर्चा केली आहे.' खाली सहीची जागा. मी पेन हातात धरून बसून राहिले. माझी लाज मला वाटत होती आणि ती त्यांना दिसू नये असंही वाटत होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"करा मॅडम सही," ते हळूच म्हणाले. "पोरगी सांगे, साडेचारची राहते. तुमची बस चुकीन."

मी सही केली, आणि त्या दिवशीही साडेचारची बस पकडली.