खोडव्याचं वय

संगणकाच्या खोलीत शिरताना सुमेधा साळवे रोज चपला दाराबाहेर काढी. साखर कारखान्याच्या त्या संगणकाला तिनं अट घालून दिली होती: उसाच्या लागणीला वर्ष झालं की तोडणीची चिठ्ठी आपोआप छापायची. पहिल्याच हंगामात गनीभाई या शेतकऱ्यानं उसाचं कोवळं कांडं तिच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा ऊस खोडव्याचा, तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला. संगणक मात्र जुन्या लागणीपासूनच वय मोजत होता.

"ताई, तुमचं मशीन पोराला म्हातारं म्हनतंय! पाथर्डीची टोळी कोयते घेऊन बांधावर बसलीय. आत्ता तोडला तर वजन कुटनं यायचं?"

तिनं चिठ्ठी रद्द केली. खोडव्याचं वय मागच्या तोडणीपासून धरलं.

अठ्ठ्याण्णव साली ती आजारपणाच्या रजेवर गेली, ती परतली नाही. निघताना दारातून, तिच्या जागी बसणाऱ्या कारकुनाला म्हणाली होती, "खोडव्याच्या तारखा तेवढ्या बघत जा."