सिस्टरचा निरोप

दर्शनाला गेलेल्या माणसाला देव घरी परत आणत नसेल, तर हात जोडायचे कोणासमोर? नेपाळातल्या त्या भूकंपानंतर हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनातून हलत नव्हता. मी मालवणजवळच्या कट्टा गावात शाळेत शिकवते. घरात रोज देवापुढे दिवा लागतो, सोमवारी रामेश्वराला जाणं सहसा चुकत नाही. श्रद्धा आहे की नाही, असा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. जे घडलं ते आठवतं तसं लिहिते आहे. कोणाला काही पटवून द्यावं असं मनात नाही.

माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, या दोघींना पशुपतिनाथाच्या पायाशी जायचं होतं. दोघीही म्हाताऱ्या, दोघीही विधवा. माझ्या यजमानांना रजा मिळेना, म्हणून शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर मी त्यांना घेऊन गेले. दर्शन मनासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. जेवणाआधी सासूबाईंना रुद्राक्षाची माळ घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघी लॉजवरून खाली उतरलो. मावशीचे पाय दुखत होते. "तुमी जावा, मी वायच पडतंय," एवढंच ती म्हणाली.

आम्ही दुकानापाशी असतानाच जमीन हलली. उभं राहता येईना. सासूबाईंना कवटाळून मी रस्त्यातच बसले. धूळ खाली बसली तेव्हा आमच्या लॉजची ती बाजू उभी नव्हती.

मावशीला बाहेर काढलं ते जवळच्या चर्चमधल्या माणसांनी. तिकडे चर्चची प्रार्थना शनिवारी असते. सगळे एकत्र जमले होते, ते चांगल्या कपड्यांनिशी तसेच धावत आले आणि हातांनी विटा उपसू लागले. दिवस मावळायच्या आत मावशी सापडली. अंगात प्राण नव्हता.

त्यांनी आम्हाला चर्चच्या मैदानात नेलं. तिथे ताडपत्र्या बांधल्या होत्या, मोठ्या भांड्यांत डाळभात शिजत होता, आणि कोण कुठला हे कोणी विचारत नव्हतं. तिथले फादर नेपाळी, बारीक अंगाचे, आवाज अगदी हळू. माझ्यासमोर मातीत बसून त्यांनी हिंदीत विचारलं, "तुमच्यात काय काय लागतं ते सांगा. आम्हाला माहीत नाही, पण मिळवू." मी सांगत गेले आणि त्यांची माणसं आणत गेली. मंत्र म्हणायला एक ब्राह्मणही मिळाले. त्यांचं स्वतःचं घर पडलं होतं, तरी ते आले. चर्चमधल्या चौघांनी मावशीला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत पोचवलं. अग्नी मी दिला. फादर थोडे मागे, डोळे मिटून उभे होते.

सासूबाईंनी हे सगळं पाहिलं. डोळ्यांतून टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. अन्नाला तोंड लावीनात. पाण्याने ओठ तेवढे भिजवू देत. जमीन पुन्हा पुन्हा थरथरे, माणसं किंकाळ्या फोडून धावत, आणि सासूबाई जागच्या हलत नसत. चर्चने बोलावलेल्या डॉक्टरांनी तपासलं. "जबर धक्का बसला आहे. पण पोटात काहीतरी जायलाच हवं," ते म्हणाले. एक गेली होती, दुसरी डोळ्यांदेखत चालली होती. ताडपत्रीच्या खांबाला टेकून मी देवाला म्हटलं, 'मला आता काही कळत नाही. तुला काय करायचं ते कर.' त्यात भक्ती नव्हती. मी थकले होते, एवढंच.

त्याच दुपारी धान्याचा एक ट्रक आला. त्यातून काही सिस्टर उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुढे डोंगरातल्या गावांकडे जाणार होत्या. मी सासूबाईंना विनवत होते, "आई, वायच तरी खावा." शेजारून जाणारी एक मध्यमवयीन सिस्टर थबकली. माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे गेली, आणि थोड्या वेळाने वाटी घेऊन परत आली. सासूबाईंसमोर गुडघे टेकून म्हणाली,

"आजये, पेज आणलंय गो. मीठ घातलंय. वायच खातलंस?"

सासूबाईंनी मान वर केली. तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"खंयची गो तू?"

"मालवणची. दर्यार घर आमचा."

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "माझी भयण गेली गो," म्हणाल्या, आणि मग जो हंबरडा फोडला तो मी कधी विसरणार नाही. सिस्टर समजूत घालत बसली नाही. धरून राहिली. रडणं ओसरल्यावर तिने त्यांना सगळी पेज भरवली.

सकाळी ट्रकमध्ये चढताना ती मला म्हणाली, "माझ्या आवशीक सांगा, मी बरी आसंय. फोन लागणा नाय."

पुढे सैन्याच्या विमानाने आम्ही दिल्लीला आलो आणि तिथून घरी. सासूबाईंना अजून नीट चालवत नव्हतं, पण पहिलं वाक्य हेच, "आधी मालवणाक जावया." नेपाळला गेलेली सिस्टर कोणाची, असं विचारत विचारत किनाऱ्यावरचं घर सापडलं. पायरीवर एक म्हातारी बसली होती, हातात जपमाळ. तिला लेकीचं काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या गोव्यातल्या मठातही अजून निरोप आला नव्हता.

सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या. "तुझा चेडू बरा आसा गो. माका आपल्या हातान पेज भरवल्यान."

म्हातारीने जपमाळ मांडीवर ठेवली. मग विचारलं, "बारीक झाला काय गो?"

"नाय गो. बरा आसा."

तिने पदराने तोंड पुसलं. "मी सायबाक सांगलंय, देवा, कोणाक तरी धाड. तुमका धाडल्यान."

मी समुद्राकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना. इतके दिवस मी विचारत होते, देवाने आमच्यासाठी काय केलं. या बाईने मागितलेलं कोणीतरी आम्हीच असू, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मावशी का गेली, हे मला आजही कळत नाही, आणि तसं देवाला सांगायलाही आता मी कचरत नाही. पण हात जोडते. त्या मैदानातल्या, ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा माणसांसाठी जोडते. आणि मग म्हणते, मला जिथे धाडायचं असेल तिथे धाड. कशासाठी, ते मला नाही कळलं तरी चालेल.