खुडूक कोंबडीखालची अंडी

आज सुनेने फोडलेलं अंडं नासकं निघालं आणि त्या वासासरशी मला दाभोशातली एक सकाळ आठवली.

मी तेव्हा जव्हार संस्थानात कारकून होतो. फिरतीवर असताना माझी राहुटी एका म्हातारीच्या शेताकडेला पडली होती. तिच्या कोंबड्यांचं खुराडं आणि भोवतीचं कुंपण बांबूच्या कामट्यांचं, उचलून नेता येण्याजोगं होतं. रोज सकाळी ती ते चार हात पुढे सरकवी, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या सगळ्या जागेला शीट मिळे. मला त्या घाणीची शिसारी आली. "हे लांब कातळावर न्या," मी फर्मावलं. तिने नेलं.

तिसऱ्या दिवशी मी न्याहारीला अंडी मागितली. तिने दोन आणली. तळण्यासाठी मी पहिलं ताटात फोडलं, तर मिटल्या डोळ्यांचं ओलं पिल्लू रक्तासकट ओघळलं.

"हे काय आणलंस?"

"रावसाहेब, कातळ तापतो. तिथं एकीनं पन अंडा नांय घातला. तुमाला नांय कसा म्हनू? घरात उबवाय बसलेल्या खुडूक कोंबडीच्या खालून काढली."

"घाणेरडे लोक!" म्हणत मी ताट भिरकावलं. त्या पिल्लाची किळस केव्हाच गेली. ताट भिरकावणाऱ्या हाताची अजून येते.

म्हातारीने दुसरं अंडं चटकन उचलून पोटाशी धरलं.

"यो परत नेते," ती म्हणाली. "हाताला अजून ऊन लागतो."