एका देशाच्या दोन फायली

गुणाजी राऊळला सगळं जग ठाऊक आहे, अशी दिंडोशीच्या म्हाडा कॉलनीत समजूत होती. ती त्याने पसरवली नव्हती, पण कधी मोडलीही नव्हती. कुणाचा मुलगा मस्कतला निघाला की बाप जिना चढून वर यायचा, "राऊळ, तिकडचं हवामान कसं असतं हो?" गुणाजी चष्मा पुसत सांगायचा. जे सांगायचा ते साधारण खरं निघायचं. माणूस तिकडे जाऊन स्थिरावला की खरंखोटं तपासायला कोण परत येतो?

चकाल्याला निर्यातदारांचा एक जुना संघ आहे. त्याच्या ग्रंथालयात गुणाजी तीस वर्षं कात्रणं कापत होता. संपाच्या वर्षी वडलांची गिरणी बंद पडली, वडील गाशा गुंडाळून मालवणला गेले आणि गुणाजी तात्पुरता म्हणून इथे चिकटला. काम सोपं. रोज अकरा वर्तमानपत्रं यायची. देशादेशांच्या धंद्याच्या बातम्या कापायच्या, पाठकोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायच्या, तारीख घालायची, त्या त्या देशाच्या फायलीत लावायच्या. कुणा सभासदाला केनियात छत्र्या पाठवायच्या असल्या की त्याने यावं, केनियाची फाईल मागावी, फीत सोडावी आणि दुपारभर वाचत बसावं.

आधीच्या ग्रंथपाल नीलाबाईंनी त्याला दोन नियम घालून दिले होते. एक कात्रण एकाच फायलीत जाईल. आणि कापणाऱ्याने वाचायचं नाही; मथळा बघायचा, गावांची नावं बघायची, कात्री चालवायची. वाचत बसलास तर कात्री थांबते, असं त्या म्हणायच्या. गुणाजीने तीस वर्षांत कात्री थांबू दिली नाही. म्हणजे त्याला जग ठाऊक होतं, ते मथळ्यांपुरतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, वनमालेलाही नाही.

दोन हजार अकराच्या जुलैत सुदानचे दोन देश झाले. उत्तरेकडचा सुदान राहिला, दक्षिणेकडचा दक्षिण सुदान झाला. तिकडे लोक रस्त्यावर नाचत होते, त्याचा फोटो पहिल्या पानावर आला. गुणाजीने फोटो बाजूला ठेवला आणि कपाटातून सुदानची फाईल काढली. चार बोटं जाड. तीस वर्षांची. आता हिची वाटणी करायची होती.

वाटणी त्याने पाहिली होती. गावच्या घराची झाली तेव्हा पडवी कुणाची, विहीर कुणाची यावर दोन चुलते पावसाळाभर भांडले होते. फायलीत भांडायला कुणी नव्हतं, तरी गुणाजी आठ दिवस अडला. कापूस उत्तरेचा. डिंक उत्तरेचा. तेल? विहिरी दक्षिणेत, ते वाहून नेणारा नळ उत्तरेतून, बंदरही उत्तरेत. लोकसंख्येच्या जुन्या आकड्यात दोन्हीकडची माणसं एकत्र मोजलेली. ती कशी वेगळी करणार? एकट्या दक्षिणेची एका कागदावर ऐंशी लाख म्हटली होती, दुसऱ्यावर कोटीच्या वर. शेवटी ज्या कात्रणात दक्षिणेतल्या गावाचं नाव ते दक्षिणेत, बाकी जुन्या फायलीत, असं त्याने ठरवलं. नव्या फायलीच्या पाठीवर शाईने नाव लिहिलं आणि ती कपाटात शेजारी उभी केली. नवी फाईल इतकी बारीक की हात काढला की आडवी व्हायची. दोन्हीकडून दुसऱ्या देशांचा टेकू द्यावा लागला.

पुढच्या मार्च महिन्यात नितेश आला. नितेश म्हणजे गुणाजीच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, नितेशला शिकवलं गुणाजीने. आता तो तिशीला आला होता, बोरिवलीला काजूपाड्यात बायकोबरोबर राहात होता आणि एका कुरिअरवाल्याकडे पाकिटं वाटण्याच्या कामावरून गेल्याच वर्षी काउंटरवर बसायला लागला होता.

"काका, साकीनाक्याचा एक शेठ आहे. अॅल्युमिनियमचे टोप, डेगी बनवतो," नितेश म्हणाला. "तो जुबाला गोदाम काढतोय. मला सांभाळायला बोलावतोय. दोन वर्षं."

"जुबा," गुणाजी म्हणाला. "दक्षिण सुदानची राजधानी."

"बघ, तुला माहितीय. आमच्या कुरिअरच्या लिस्टमध्ये तर तो देशच नाही. कॉम्प्युटरवर नुसतं सुदान येतं. मी साहेबाला विचारलं, तर म्हणे असा देश असला तर तिकडे आपण पार्सल घेत नाही."

वनमाला चहा घेऊन आली. "खंय आसा हो गाव?"

"आफ्रिकेत गं काकी."

"आणि समुद्र?"

"समुद्र नाही," गुणाजी म्हणाला. तेवढं त्याला नकाशावरून ठाऊक होतं.

"मगे टोप कशातसून जातले?" वनमालेने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

नितेश म्हणाला, "शेठला रविवारपर्यंत सांगायचंय. श्वेता घाबरलीय. म्हणते, काका हो म्हणाले तर जा. तू एकदा फाईल बघून सांग ना. धंदा चालेल की नाही, देश कसा आहे, एवढंच."

दुसऱ्या दिवशी गुणाजीने दक्षिण सुदानची फाईल टेबलावर घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक फाईल पहिल्या पानापासून वाचली. फार वेळ लागला नाही. नव्या नोटा छापल्या होत्या. हॉटेलं उघडत होती. एका साप्ताहिकाच्या कात्रणात नकाशा होता, त्यावर काळे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे तेल. सरकारची जवळपास सगळी कमाई तेलाची, असं त्यात लिहिलं होतं. संघाच्या कॉम्प्युटरवरही त्याने शोधलं. तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले आणि तिकडच्या सरकारचं पान अर्धं उघडून थांबलं. त्याला गोंधळल्यासारखं झालं. पण काळे ठिपके स्पष्ट होते.

रविवारी तो नितेशला म्हणाला, "तेलाचा देश आहे. समज, सुरुवातीचं आखात. आत्ता जो जाईल तो रुजेल."

"म्हणजे जाऊ?"

"जा."

नितेशने राजीनामा दिला. पासपोर्ट शेठकडे गेला. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली, दोन दिवस दंड धरून फिरला.

जायला चार दिवस राहिले असताना, सोमवारी, घाटकोपरचे एक सभासद ग्रंथालयात आले. औषधाच्या गोळ्यांना लागणारा डिंक त्यांना सुदानहून मागवायचा होता. गुणाजीने जुनी फाईल काढली, फीत सोडली, डिंकाचे कागद शोधत पानं उलटू लागला. एका पानापाशी त्याचा हात थांबला. साप्ताहिकातला एकच उभा स्तंभ. डावी कड कात्रीची होती. कात्री त्याचीच; शेवटाला किंचित डावीकडे ओढ घेते ती.

त्याने दक्षिणेची फाईल आणली आणि नकाशाचं कात्रण शेजारी ठेवलं. कडेला कड जुळली.

एकाच लेखाचे दोन स्तंभ होते. विहिरी एका स्तंभात, नळ आणि बंदर दुसऱ्यात. फेब्रुवारीतल्या कुठल्याशा दुपारी त्याने गावांची नावं पाहिली होती आणि लेख उभा चिरून दोन देशांत वाटून टाकला होता. आता तो उजवा स्तंभ वाचू लागला. नळाच्या भाड्यावरून दोन्ही देशांचं फाटलं होतं. दक्षिणेने रागाने आपल्याच विहिरी जानेवारीपासून बंद केल्या होत्या. एक थेंब बाहेर पडत नव्हता. सरकारकडे पैसा किती महिने पुरेल, ते लेखकाला सांगता येत नव्हतं.

"मिळालं का?" सभासदांनी विचारलं.

"मिळालं," गुणाजी म्हणाला आणि त्यांच्यासमोर भलतीच फाईल ठेवून चपला घालायला गेला.

काजूपाड्याला पोचेपर्यंत त्याने मनात पुष्कळ वाक्यं जुळवली. दारात श्वेता होती. आत पलंगावर बॅग उघडी, तिच्यात लोणच्याची बरणी जुन्या साडीत गुंडाळलेली.

गुणाजीने दोन्ही कात्रणं पलंगावर जवळजवळ ठेवली. नितेशने वाचली. त्याला इंग्रजी सावकाश यायचं. श्वेताने त्याच्या खांद्यावरून वाचलं, आणि तिचं आधी संपलं.

"काका, हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"दुसऱ्या फायलीत होतं."

"दोन्ही फायली तुमच्याच ना?"

"हो."

नितेश म्हणाला, "मग आता काय? तेल बंद म्हणजे धंदा बंद?"

"तसं नाही. टोप लोकांना लागणारच."

"मग जाऊ?"

"पण लोकांच्या हातात पैसा नसेल तर..."

"मग नको जाऊ?"

"विहिरी पुन्हा सुरू होतीलही."

"काका, यार, एक काय ते सांग. आत्तापर्यंत सगळ्या कॉलनीला सांगत आलास."

गुणाजीने बॅगेतल्या बरणीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "खरं सांगू, मला कुठल्याच देशाचं माहीत नाही. मी फक्त कापतो रे. वाचत नाही."

नितेश हसला. काका गंमत करतोय असं त्याला वाटलं असावं. मग त्याचं हसणं थांबलं. "मस्कतवाल्यांना सांगायचास ते?"

"ते बरोबर निघालं, त्यांच्या नशिबाने."

श्वेताने बरणी बॅगेतून काढली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कुणी ठरवलं असं झालं नाही. पण बरणी आत गेली, आणि जाणं राहिलं.

शेठने नितेशच्या जागी ऑफिसातल्या देवव्रत नावाच्या मुलुंडच्या मुलाला पाठवलं. कुरिअरवाल्याने नितेशला परत घेतलं, पण काउंटरवर दुसरा बसला होता. नितेशच्या खांद्यावर पुन्हा पाकिटांची थैली आली. दिंडोशीच्या कोर्टात वकिलांच्या नोटिसा द्यायला आला की तो काकाकडे जेवायला यायचा. जुबाचा विषय काढायचा नाही. दोघेही आमटी वाढून घ्यायचे, नितेश "काकी, झकास" म्हणायचा आणि उठायचा.

पुढच्या वर्षी एप्रिलात विहिरी पुन्हा सुरू झाल्या. गुणाजीने बातमी संपूर्ण वाचली, दोनदा. त्याच आठवड्यात श्वेताने मोबाइलवर देवव्रतचा फोटो दाखवला: गोदामासमोर उभा, मागे डेगींची रास, अंगावर नवा शर्ट.

"सुटलंय पोट," गुणाजी म्हणाला.

"सुटणारच. मॅनेजर झालाय," श्वेता म्हणाली. आवाज साधाच होता.

रात्री वनमाला म्हणाली, "तुमका सगळा जग ठावक, आणि घरातल्या झिलाचा, नितेशचा, तेवढा ठावक नाय." ती भांडत नव्हती. उशी झटकता झटकता बोलली.

कॉलनीतले लोक विचारायला येत राहिले. आता गुणाजी "वाचून सांगतो" म्हणायचा. वाचायला लागल्यापासून कात्री मागे पडली होती. टेबलावर न कापलेल्या वर्तमानपत्रांचा थर वाढला, आणि जितकं वाचावं तितकं प्रत्येक देशाचं काहीतरी दुसऱ्याच देशाच्या फायलीत निघायचं. केनियाची फाईल वाचताना त्याला अचानक वनमालेच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. जुबाला जाणारा माल मोंबासाच्या बंदरात उतरतो आणि ट्रकने युगांडातून वर चढतो. टोप तसे जात होते. हे दक्षिण सुदानच्या फायलीत कुठेच नव्हतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात जुबात गोळीबार सुरू झाला. आपसातलाच. जानेवारीत देवव्रत परत आल्याचं नितेशने फोनवर सांगितलं, आणि म्हणाला, "काका, तू वाचवलंस मला."

गुणाजीला ते गोड लागलं नाही. वाचवलं म्हणायला आधी कळलेलं असावं लागतं. आणि त्या आधीचं पाऊण वर्ष? मॅनेजर? नवा शर्ट? एका रविवारी तो पाठकोरे कागद आणि पेन घेऊन मुलुंडला गेला. तिकडे राहून आलेला माणूस त्याला पहिल्यांदाच भेटणार होता. त्याने प्रश्न लिहून नेले होते, एकेचाळीस.

देवव्रत बनियनवर बसला होता. पोट गेलं होतं.

"देश कसा आहे?" गुणाजीने पहिला प्रश्न विचारला.

"मला काय माहीत, काका?" देवव्रत म्हणाला. "मी कुठे देश बघितला. गोदामात होतो. सकाळी कुलूप काढायचं, संध्याकाळी लावायचं. बाहेर काय चाललंय ते मी इथे आईला फोन करून विचारायचो. ती टीव्ही बघून सांगायची."

गुणाजीने बाकीच्या चाळीस प्रश्नांकडे पाहिलं.

"मग तुला काय माहीत आहे?"

देवव्रतने डोकं खाजवलं. "गोदामापासून बाजारापर्यंतचा रस्ता माहीत आहे. चालत वीस मिनिटं. लाल माती. पावसात चप्पल हातात घ्यायची. मधे एक बाई चहा विकायची, आलं घालून. डेगीला झाकण का देत नाही, म्हणून रोज भांडायची. शेठला तीनदा कळवलं, त्याने झाकणं पाठवली नाहीत. झाकण असतं तर दुप्पट गेल्या असत्या."

"हे लिहू?"

"लिहा की. हे काय लिहिण्यासारखं आहे?"

गुणाजीने लिहिलं. सावकाश, शब्द न गाळता. लिहिताना पेन दोनदा थांबला.

खाली उतरल्यावर नितेशचा फोन आला. "काय म्हणाला रे?"

"डेगीला झाकण पाहिजे होतं म्हणाला."

"बस?"

"बस."

पलीकडे कोर्टाच्या आवारातल्यासारखा गलका होता. पण आज तर रविवार. कुठल्यातरी बाजारात असावा. "काका," नितेश म्हणाला, "मी गेलो नाही ते बरं झालं ना?"

गुणाजी मुलुंडच्या त्या गल्लीत उभा राहिला. समोरच्या दुकानात भांडी मांडली होती. टोप होते, झाकणं वेगळी दोरीत ओवून टांगलेली.

"अजून कळलं नाही रे," तो म्हणाला. "कळलं की सांगतो."

"सांग," नितेश म्हणाला. "घाई नाही."

सोमवारी गुणाजीने देवव्रतचा कागद डिंकाने नीट चिकटवला, तारीख घातली. कुठल्या फायलीत लावायचा, याचा विचार करत तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत कपाटासमोर उभा होता.