लाल वर्तुळाची भिंत

पहाटे साडेचारला तिचा दिवस सुरू व्हायचा. कामावर सगळ्यांच्या आधी पोचून ती टाइल पाण्यात टाकायची आणि त्या भिजेपर्यंत भिंतीला ओळंबा लावायची. दोरीला टांगलेलं ते वजन भिंत सरळ आहे की नाही एवढंच सांगतं, पण खोटं सांगत नाही. तिचं नावच आम्ही ओळंबा ठेवलं होतं. तोंडावर बाई म्हणायचो.

आमच्या धंद्यात बायका बहुतेक घमेली उचलतात. तीही उचलतच आली, पण एकदा थापी हातात धरली ती सोडली नाही. मी तिच्याकडे सिमेंटचा माल कालवायचो आणि टाइल कापायचो. तिचा नियम एकच. आपण लावलेलं वाकडं दिसलं की आपणच फोडायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही. एका न्हाणीघराची अख्खी भिंत तिनं जेवणाच्या सुट्टीत उतरवली होती. घरमालक म्हणत राहिला, अहो, सरळ तर दिसतेय.

तिची एकुलती एक मुलगी कॉम्प्युटरवर चित्रं करायची. करायची म्हणजे काढायची नाही. चित्र कसं काढायचं त्याच्या सूचना ती लिहायची आणि कॉम्प्युटर काढायचा. त्या सूचना मग ब्लॉकचेनवर ठेवायच्या. मुलीनं आईला समजावलं ते मी शेजारी बसून ऐकलं होतं. एकच मजकूर जगभरच्या असंख्य कॉम्प्युटरांत एकदम ठेवलेला असतो. एकदा गेला की त्यातलं अक्षर खोडता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

"म्हणजे माल सुकल्यावर टाइल हलत नाही, तसं," आई म्हणाली.

"तसंच. कायमचं."

आईला ते फार पटलं. तोवर तिला मुलीचं काम म्हणजे हवेतल्या गप्पा वाटायच्या. त्या दिवसापासून ती सगळ्यांना सांगू लागली की आमची पोरगीपण पक्कं काम करते.

पुढे गावात नवीन वाचनालय झालं. टाइलचं काम आमच्या ठेकेदाराकडे आलं. वाचनालयानं मुलीचं एक चित्र विकत घेतलं होतं. ते समोरच्या दालनात मोठ्या पडद्यावर दिसणार होतं आणि पडद्यासमोरची भिंत कोरी होती. बाईच्या डोक्यात आलं की त्या भिंतीवर तेच चित्र टाइलच्या तुकड्यांत लावायचं. पडद्यावर लेकीचं, समोर आईचं. ठेकेदारानं ग्रंथपाल बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. मुलीला मात्र सांगायचं नाही असं ठरलं.

चित्र बाईच्या फोनवर होतं. फोन जुना, अरुंद, कोपऱ्यात तडकलेला. बॅटरी इतकी दमलेली की चार्जरची वायर काढल्यावर जेमतेम दहा मिनिटं चालायचा. ती रोज चित्र उघडायची आणि रोज तेच दिसायचं. खालून वर जाणाऱ्या निळ्या रेषा, वर जाऊन उजवीकडे झुकलेल्या, आणि मधोमध त्यांच्यात अडकलेलं एक लाल वर्तुळ. तिनं कागदावर चौकटी आखून ते मोठं केलं आणि भिंतीवर उतरवलं.

असलं काम आम्ही कधी केलं नव्हतं. सरळ कापायला यंत्र आहे. गोलाईला पक्कड घेऊन कडा कुरतडाव्या लागतात आणि लाल टाइल ठिसूळ होती. जितक्या लागल्या त्याहून जास्त फुटल्या. वर्तुळ तिनं दोनदा उतरवलं. माझी बोटं सोलली, तिची तर बघवत नव्हती. सांधे भरून झाल्यावर तिनं भिंत पुसली आणि वरून प्लास्टिक टाकलं. मला म्हणाली, आता बघू पोरगी काय म्हणते.

पडदा चालू करायच्या दिवशी मुलगी येणार होती. ती यायच्या आधी वायरमननं बटण दाबून बघितलं. आम्ही प्लास्टिक काढलं आणि मागे वळलो.

पडद्यावर निळ्या रेषा होत्या, पण डावीकडे झुकलेल्या. लाल वर्तुळ नव्हतंच. त्याच्या जागी रेषा विस्कटून मोकळी पांढरी जागा पडली होती.

ठेकेदारानं एकदा पडद्याकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. बाई पालथ्या घमेल्यावर बसली. तिचा चेहरा इतका उतरला की मी पाण्याची बाटली पुढे केली. ती तिला दिसलीच नाही.

ठेकेदार हळूच म्हणाला, "बाई, हे भलतंच काय लावलंत?"

फोन बघायचं तिच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. पडद्यावरचं चित्र बदलत नाही, हे लेकीनं सांगितलेलं. म्हणजे चूक हाताची. ती उठली, छिन्नी-हातोडी घेतली आणि वर्तुळाच्या कडेपासून फोडायला लागली. मी हात धरला, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की सोडून दिला. लाल तुकडे खाली पडत होते. तेवढ्यात मुलगी दारात आली.

तिला आधी भिंत दिसली. आईनं केलंय हे तिला लगेच कळलं असावं, कारण चेहरा फुलला. मग मावळला.

"आई, हे लाल काय आहे?"

"तुझंच चित्र आहे. मला नीट जमलं नाही. थांब, फोडते."

"माझ्या चित्रात लाल नाहीये."

बाईचा हात थांबला. तिनं फोन काढून पुढे केला. मुलगी बघतच राहिली. फोन तिनं मोठ्या पडद्याशेजारी धरला. एकच नाव, एकच चित्र, आणि दोन्ही वेगळी. ठेकेदारानं आपल्या फोनवर ते उघडलं. त्याच्याकडे दोन वर्तुळं होती, पिवळी. वायरमनच्या फोनवर नुसत्या रेषा, तुटलेल्या. आम्ही एकमेकांच्या हातात डोकावत होतो आणि प्रत्येकाच्या हातात वेगळंच काहीतरी.

मुलगी खालीच बसली. चित्र तयार करून कुठे ठेवलेलं नसतं, ती म्हणाली. ठेवलेल्या असतात सूचना. ज्या पडद्यावर उघडाल तो त्या वाचून चित्र पहिल्यापासून काढतो. तिनं त्याला फासे टाकायला सांगितले होते, रेषा कुठे वळायची, रंग कुठे यायचा ते फासे ठरवणार. ते ठरलेल्या क्रमानंच पडतात, म्हणून एका पडद्यावर दर वेळी तेच चित्र येतं. पण किती टाकायचे हे पडद्याच्या रुंदीवर सोडलं होतं. पडदा बदलला की क्रम सरकतो आणि पुढचं सगळं बदलतं. तिनं ते फक्त आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तपासलं होतं. तिच्या पडद्यावर लाल कधी पडलंच नव्हतं.

आई म्हणाली, "मग दुरुस्त कर."

"होत नाही गं. अक्षर बदलता येत नाही."

"मग कायमचं काय आहे?"

मुलीनं खाली पडलेला एक लाल तुकडा उचलला. "माझी चूक," ती म्हणाली.

बाईनं छिन्नी खाली ठेवली. मी इतक्या वर्षांत तिला अर्धं फोडून थांबताना पाहिलं नव्हतं.

मुलगी उठून स्वतःच ग्रंथपाल बाईंना घेऊन आली आणि सगळं सांगितलं. चित्र परत घेते असंही म्हणाली. ग्रंथपाल बाई भडकल्या. त्यांनी आपल्या टॅबवर पसंत केलं होतं ते आणखी निराळं निघालं. आम्ही नक्की घेतलं तरी काय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग भिंतीजवळ गेल्या आणि बोटानं सांधे चाचपले.

"उद्या हा पडदा बिघडला, दुसरा आणला, तर याच्यावर वेगळंच येणार. हो ना?"

मुलीनं मान डोलावली.

"आणि ही भिंत?"

"पाया खचला नाही तर अशीच राहील," बाई म्हणाली.

ग्रंथपाल बाईंनी दोन्ही ठेवायला सांगितलं. फोडलेलं तेवढं नीट करा, म्हणाल्या.

फोडलेलं लावायला दुसऱ्या दिवशी बसलो तर बाईचा फोन चालू होईना. वायर लावून बघितली, काही नाही. बॅटरी फुगून पाठ वर आली होती. पडदा चालू झाला तेव्हापेक्षा बाई या वेळी जास्त घाबरली. आखलेला कागद होता, त्यावरून वर्तुळ पुरं करता आलं असतं, आम्ही केलंही. पण तिला ते पुरेना. त्या रुंदीचा फोन आता कुणाकडे मिळणार नाही, मुलीनं सांगितलं होतं. भिंत बरोबर आहे की नाही हे लावून बघायला जगात तेवढा एकच ओळंबा होता.

दुरुस्तीवाला हसला. असल्या जुन्या बॅटरीच्या पैशात नवा फोन घ्या की मावशी, म्हणाला. मुलगी सोबत होती. तिनं त्याला बजावलं की आतलं काहीही नवं करायचं नाही, फक्त बॅटरी. तो काम करत होता तोवर मायलेकी बाकावर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. फोन चालू झाला, चित्र उघडलं. लाल वर्तुळ जागेवर होतं.

आता तो फोन तिच्या घरी फळीवर असतो, वायर लावलेला. त्यावरून कुणाला फोन करत नाहीत. भिंतीची मजुरी त्या बॅटरीत गेली.