हरवलेल्या धर्मराजसाठी प्रार्थना

धर्मराज हिवाळे १९६८ सालच्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळच्या एसटीनं भुसावळला गेला. तो मिशनची जीप चालवायचा. गोरे साहेब मायदेशी परत गेले, जीप विकली गेली आणि धर्मराजच्या हाताला काम उरलं नाही. भुसावळला ट्रकवर जागा आहे म्हणाला, आठ दिवसांत कळवतो म्हणाला. जाताना त्यानं बायकोला, सत्यशीलाला, आपले दोन सदरे धुऊन ठेवायला सांगितले होते. त्यानंतर त्याची ना चिठ्ठी आली, ना निरोप.

आमचं गाव टेंभुर्णीपासून दोन कोसांवर. गावाबाहेर मिशनचं कंपाउंड, त्यात दगडी देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), एक शाळा आणि शाळेच्या मागं चार खोल्या. मंडळीत तीसेक घरं होती. सत्यशीला शाळेत पहिलीला शिकवायची आणि रविवारी देवळात पेटी वाजवायची. शेवटची खोली तिची होती, म्हणजे शाळेची नोकरी होती तोवर तिची. नोकरी मंडळीच्या पंचांच्या हातात. माहेरी कुणी उरलं नव्हतं. खोलीत तिच्यासोबत तिची सासू केशरबाई राहायची. केशरबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणूस दारात उभा राहिला तर उजेड अडल्याचं तिला कळायचं, माणूस कोण ते कळायचं नाही.

जालन्याहून पाळकसाहेब बद्रीनाथ महिन्याच्या चौथ्या रविवारी यायचे. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा पेला, असायचं आणि त्याआधी पंच अप्पाराव उभे राहून प्रार्थना करायचे. अप्पाराव केशरबाईचे धाकटे भाऊ, म्हणजे धर्मराजचे मामा. डोळे मिटून, दोन्ही हात बाकाच्या पाठीवर टेकवून ते म्हणायचे, "प्रभू, आमचा धर्मराज, तुझ्या कळपातलं हरवलेलं मेंढरू. जिथं असंल तिथून त्याला घरी आण." सगळी मंडळी आमेन म्हणायची. सत्यशीलाही म्हणायची. पहिली तीन-चार वर्षं तिनं ते मनापासून म्हटलं. नंतर तिचे फक्त ओठ हलायचे, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता भीतीच वाटते, हा माणूस खरंच दारात येऊन उभा राहील की काय याची.

ती भीती तिला पहिल्यांदा स्पष्ट कळली १९७४ च्या ईस्टरनंतर. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. दाबला की सूर यायच्या आधी फुसकारा यायचा. मंडळीतला सुतार संपत तो दुरुस्त करायला आला. संपत चाळिशीचा, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस कमी बोलणारा. तीन दिवस शाळा सुटल्यावर तो देवळाच्या ओट्यावर पेटी उघडून बसायचा. चामडं चिकटवलं की सत्यशीला सूर धरून बघायची.

तिसऱ्या दिवशी तो मान वर न करता म्हणाला, "बाई, तुम्ही वाजवून राह्यल्या की मी गात न्हाई. नुसतं ऐकतो. देवाला चालत असंल का?"

ती हसली. किती दिवसांनी आपण हसलो असं तिला स्वतःलाच वाटलं.

पावसाळाभर काही ना काही निघत गेलं. खोलीचं दार फुगलं, शाळेचा फळा निखळला, केशरबाईला काठी हवी होती. संपत यायचा, काम करायचा, उंबऱ्याबाहेर चहा प्यायचा आणि जायचा. पोळ्यानंतर एकदा त्यानं विचारलं, सरळच.

"लग्न करता का माझ्याशी? केशरमावशी बी आपल्याच घरी राहतील."

"माझं लग्न झालेलं हाय, संपतराव."

"कुणाशी? दाखवा की."

सत्यशीला विधवा असती तर लग्न होणार म्हणून तीन रविवार देवळात दोघांची नावं वाचली गेली असती आणि चौथ्या रविवारी पाळकसाहेबांनी लग्न लावलं असतं. पण ती विधवा नव्हती आणि कुणाची बायकोही उरली नव्हती.

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. त्या दिवशी घरोघरचं पहिलं पीक देवळात आणतात आणि उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या. सत्यशीलानं आणि केशरबाईनं जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून दिली होती. बोली सुरू झाली. संपतनं बोली लावली, दुसऱ्या एकानं वाढवली, संपतनं पुन्हा वाढवली. दुसरा गंमत म्हणून चढवत राहिला आणि संपत काही सोडेना. हळूहळू अंगणातलं बोलणं थांबलं. शेवटी संपतनं वाकळ खांद्यावर टाकली तेव्हा बायका सत्यशीलाकडं बघत होत्या आणि ती जमिनीकडं.

पुढच्याच रविवारी पंचांची बैठक बसली. सत्यशीलाला बोलावलं. अप्पाराव तिच्याशी कधी आवाज चढवून बोलत नसत, त्या दिवशीही चढवला नाही.

"पोरी, तुझ्या मनात काय हाय ते सांग."

"मामा, सात वर्षं व्हायला आली. मी किती वाट बघू?"

"तो जिवंत हाय का मेला, तुला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"मंग जिचा नवरा जिवंत असू शकतो अशा बाईनं दुसऱ्याला दारात बसवणं बराबर हाय का?"

पंचांनी ठरवलं की संपतनं तिच्या खोलीकडं जायचं नाही आणि गोष्ट मिटेपर्यंत सत्यशीलानं प्रभुभोजन घ्यायचं नाही. पेटी मात्र वाजवायची, कारण ती वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं.

नाताळच्या सकाळी देऊळ भरलं होतं. भाकर आणि पेला बाकाबाकांवरून फिरत आला. सत्यशीला भाता दाबत होती, दुसऱ्या हातानं सूर धरत होती. पेला पहिल्या रांगेच्या टोकाशी आला, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि वळून मागच्या रांगेत गेला. तिनं कडवं चुकवलं नाही. उपासना संपल्यावर सगळे एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत असताना ती पेटीचं झाकण लावून बराच वेळ तिथंच बसली.

पाळकसाहेब तिच्याजवळ आले. भला माणूस, पण पंचांपुढं त्यांचं चालत नसे.

"सत्यशीलाबाई, मी कायदा बघितला आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला मेलेला धरतात. पंधरा एप्रिलला सात वर्षं पुरी होतात. अप्पारावांशी मी बोललो, ते आडवे येणार नाहीत. एप्रिलच्या चौथ्या रविवारी मी स्वतः तुमची नावं वाचतो."

"आणि तोवर खबर आली तर?"

"सात वर्षांत आली नाही, ती आता चार महिन्यांत कशाला येईल?"

त्या दिवसापासून ती दिवस मोजू लागली. टेंभुर्णीहून सायकलवर येणारा पोस्टमन शाळेच्या फाटकाशी दिसला की तिच्या हातातला खडू थांबायचा. तो पुढं निघून गेला की ती मुलांना पुन्हा अक्षर गिरवायला लावायची. नवरा मेलेलाच असू दे, असं आपण मनात म्हणतो आहोत हे तिला कळत होतं. चौथ्या रविवारी अप्पाराव त्याच नवऱ्यासाठी प्रार्थना करायचे आणि तिला आमेन म्हणावं लागायचं.

मार्चच्या मध्यावर पोस्टमन फाटकाशी थांबला. कार्ड केशरबाईच्या नावानं होतं. अक्षर तिनं लांबूनच ओळखलं.

"आईस धर्मराजचा नमस्कार. मी खुशाल आहे. ट्रकवर आहे. इकडेच घर केलं आहे, बायको आहे, दोन मुली आहेत. तुझी फार आठवण येते. थोरली तुझ्यासारखी दिसते. सत्यशीलाला सांग की तिचा काही दोष नव्हता. पत्ता देत नाही, कारण मामा येतील." शिक्का खंडव्याचा होता.

दोन दिवस ते कार्ड तिच्या गायनाच्या वहीत राहिलं. केशरबाईला वाचता येत नव्हतं, दिसतही नव्हतं. पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि पोस्टमन शंभर घरची कार्डं वाटायचा. एक महिना काढायचा होता, फक्त एक महिना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केशरबाई भाकरी खाताना नेहमीसारखंच म्हणाली, "आज बी काही आलं न्हाई वाटतं." ती रोज हेच म्हणायची. सत्यशीला म्हणाली, "न्हाई." आणि हातातली भाकरी तिनं ताटात परत ठेवली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं चुलीपाशी बसून कार्ड वाचून दाखवलं. पूर्ण, एकही ओळ न गाळता.

केशरबाईनं हात पुढं केला. कार्ड हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी.

"थोरली माझ्यासारखी दिसते म्हणला?"

"हो, आत्याबाई."

"कधी आल्तं हे?"

"परवा."

म्हातारीनं मान हलवली. दोन दिवसांचा जाब तिनं विचारला नाही. म्हणाली, "अजून कोणाला सांगितलं न्हाई ना?" आणि चुलीची ऊब कुठून येते याचा अंदाज घेत कार्ड पुढं नेलं. सत्यशीलानं तिचं मनगट धरलं.

"काय करून राह्यल्या?"

"सोड. जळू दे. माझ्या पोरानं तुला सात वर्षं कोंडली, अजून किती कोंडायची? तू संपतशी लग्न कर. मी सांगते अप्पाला, न्हाई आलं काही."

"आणि तुम्ही?"

"मला ऐकायचं व्हतं ते ऐकलं मी."

ही मोकळीक सत्यशीलाला हवी होती, आणि ती देणारी धर्मराजची आई होती. तिनं मनगट सोडलं असतं तर काम झालं असतं. पण ते कार्ड जळलं की एप्रिलात देवळात तिचा पोरगा मेला असं बोललं जाणार, आणि तो जिवंत आहे हे ठाऊक असून तिला ते ऐकत बसावं लागणार. सत्यशीलानं कार्ड काढून घेतलं. कडेला थोडं करपलं होतं.

"तुमचा पोरगा मी कशाला मारू, आत्याबाई?" ती म्हणाली. मग दोघीही रडल्या.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मुलांनी शिंदीच्या फांद्या घेऊन देवळाला फेरी घातली. चौथा रविवार होता, पाळकसाहेब आले होते. अप्पाराव उठले, डोळे मिटले. "प्रभू, आमचा धर्मराज, तुझ्या कळपातलं..."

"मामा, थांबा," सत्यशीला पेटीमागून उभी राहिली. "तो सापडला."

तिनं कार्ड वाचलं. शेवटच्या ओळीपाशी, 'मामा येतील' पाशी, अप्पाराव खाली बसले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मागितलं तो बाहेर असा संसार थाटून बसला होता, आणि त्याला भीती होती ती त्यांचीच. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"आता ही प्रार्थना नको," सत्यशीला म्हणाली. "त्याला यायचं न्हाई. मला बी तो नको."

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ करून उपासना पुढं चालू केली. आठवड्यानं ईस्टरला पेला तिच्या हातात आला. तो खुद्द अप्पारावांनी दिला.

झावळ्यांच्या त्याच रविवारी संपत फाटकाशी थांबला होता.

"महिनाभर दाबून ठेवलं असतं तर?" त्यानं विचारलं. रागानं नाही, थकून.

"दोन दिवस ठेवलं व्हतं, संपतराव. त्याहून जास्त जमलं न्हाई."

नवरा जिवंत निघाल्यामुळं सात वर्षांचा कायदा बाद झाला होता. उरलं कोर्ट. औरंगाबादच्या वकिलानं सांगितलं की ख्रिस्ती बाईला नवरा नुसता सोडून गेला म्हणून घटस्फोट मिळत नाही, त्यानं दुसरी ठेवली हेही सिद्ध करावं लागतं, आणि त्यावर वरच्या कोर्टाचा शिक्का लागतो. कार्ड पुरावा म्हणून जोडलं. धर्मराजला काढलेली नोटीस पत्ता अपुरा म्हणून परत आली. पुन्हा काढली, पुन्हा परत आली. अप्पाराव सत्तरीला आलेले, तरी तिच्यासोबत दर तारखेला एसटीनं औरंगाबादला जायचे.

संपत दोन वर्षं थांबला. मग जालन्याला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला आणि त्याच्या बहिणीनं त्याचं लग्न जमवलं. तो स्वतः येऊन सांगून गेला. सत्यशीलानं त्याला चहा केला. तो उंबऱ्याबाहेर प्यायला आणि गेला.

कोर्टाचा कागद १९७९ च्या पावसाळ्यात आला. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती. शाळा सुटल्यावर खोलीत येऊन तिनं तो वाचला. केशरबाई खाटेवर बसली होती.

"काय लिव्हलंय?"

"मी आता तुमची सून राह्यले न्हाई, असं लिव्हलंय."

म्हातारी तिच्या आवाजाकडं वळली. "मंग तू जाशील का?"

"कुठं जाऊ?" सत्यशीला म्हणाली आणि पीठ मळायला बसली.